वाचून दाखवला, बरोबर आहे

अंगठ्याचा तो कागद अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. छत्तीस वर्षं पोलिसात काढली. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या सीमेवरच्या ठाण्यांत शिपायापासून उपनिरीक्षकापर्यंत चढलो. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण सगळ्यात अवघड प्रकरण कोणतं असं कुणी विचारलं, की मी हे कागदाचं सांगतो. लोकांना वाटतं, साहेब थट्टा करायला लागले.

निवृत्तीला दोन महिने राहिले होते. सोयाबीनची काढणी चालू होती. काढणीच्या दिवसांत आमच्या भागातल्या ठाण्यात शुकशुकाट असतो, कारण भांडायलाही माणसाला वेळ लागतो. सकाळची हजेरी घेऊन मी नुकताच टेबलाशी बसलो होतो, तेवढ्यात पन्नाशीचा एक शेतकरी अंगावरच्या भुसकटासकट आत आला आणि त्याने एक कागद माझ्यापुढे आपटला.

"साहेब, माझ्या बापानं ह्याच्यावर अंगठा लावलाय."

"मग?"

"बाप मरून दोन वर्षं झाली."

मी चष्मा लावला. कागद कन्नडमध्ये होता. बापाचं नाव, संतपूरकडच्या त्यांच्या गावाचं नाव, जमीन सहा एकर, विहीर एक. खाली निळ्या शाईत ठसठशीत अंगठा. हा गृहस्थ नळाच्या कामासाठी ग्रामपंचायतीत गेला होता. तिथे टेबलावर कागदांचा एक गठ्ठा पडला होता आणि उघड्या पडलेल्या एका पानावर बापाचं नाव दिसलं. याने तेवढं एक पान ओढलं आणि तडक ठाणं गाठलं.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

"धाकट्यावर. दुसरा कोण? सहा महिने झाले, वाटणी दे म्हणायलाय."

यात तथ्य असू शकत होतं. जमिनीची पहाणी, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला उतारा म्हणतात तो, अजून मेलेल्या बापाच्याच नावावर होती. अशा जमिनीवर मेलेल्या माणसाचा एक अंगठा काय काय करू शकतो, हे मी नोकरीत पुरेसं पाहिलं होतं. मी अर्ज घेतला, त्याला नंबर दिला आणि धाकट्याला निरोप पाठवला.

धाकट्याचं तालुक्याला आडतीचं दुकान होतं. तो आला. त्याला मी मुद्दाम तासभर बाकावर बसवून ठेवलं. ही माझी जुनी पद्धत. आत काही लपवून आलेला माणूस बाकावर बसल्या बसल्या ठाण्याच्या कारभारात रस घ्यायला लागतो, शिपायांना गाव विचारतो, पंखा चांगला आहे म्हणतो. ज्याने काही केलेलं नसतं तो रागाने धुमसत बसतो. धाकटा धुमसत होता.

"अण्णाला वाटायलंय मी बापाचा अंगठा चोरलो?" तो म्हणाला. "शेवटचे तीन महिने बापाला मी उचलून न्हाणीत नेत होतो, साहेब. इचारा आमच्या आईला, अव्वाला. आता वाटणी बी नको आन् त्याचं तोंड बी बघायचं न्हाई मला."

थोरला दारातच उभा होता. दोघे एकाच आईचे, एकाच अंगणात राहणारे, आणि ठाण्यातून बाहेर पडताना एक पूर्वेला गेला, एक पश्चिमेला. मला वाईट वाटलं. घरं अशीच मोडतात. आधी संशय येतो, आणि मग त्याला साजेसा पुरावा जो तो आपापला शोधत बसतो.

दुपारी मी भिंग घेऊन कागद पुन्हा पाहिला आणि मनात म्हटलं, अरे, आपली अक्कल गहाण पडली होती की काय. अंगठा फार स्वच्छ होता. एकेक रेघ मोजून घ्यावी इतका. जन्मभर नांगर धरलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा असा उमटत नाही. त्याच्या रेघा मातीने आणि दोराने झिजून गेलेल्या असतात. म्हणून तर रेशनच्या दुकानात मशीनवर म्हाताऱ्यांचे अंगठे लागत नाहीत आणि बिचारे धोतराला हात पुसून पुसून पुन्हा लावतात. हा अंगठा कोवळ्या माणसाचा होता. शिवाय मधून एक बारीक तिरपी पांढरी रेघ गेली होती, जुन्या जखमेची.

मी शिपायाला पंचायतीत पिटाळलं आणि उरलेला गठ्ठा मागवला.

गठ्ठा आला आणि कोडं निम्मं सुटलं. वर एका महाविद्यालयाचं नाव होतं. समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन चाळीस वृद्धांच्या मुलाखती घ्यायच्या, खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि पंचायतीचा शिक्का मारून आणायचा, असा प्रकल्प होता. गठ्ठा एकाच मुलीचा होता. पहिल्या तीन म्हाताऱ्यांखाली सह्या होत्या, बाकी सदतीस अंगठे. त्यांतल्या आठांवर तीच तिरपी रेघ.

प्रत्येकाची माहिती आणि अंगठा एका पानावर, मुलाखत पुढच्या पानावर. मग मी मुलाखती वाचायला घेतल्या. आमचा रायटर, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारा हवालदार, माझं हसू ऐकून पळत आला. मेलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं की तो पहाटे उठून योगासनं करतो, नंतर वृत्तपत्र वाचतो, घरातले सर्व निर्णय पत्नीशी विचारविनिमय करून घेतो आणि तरुण पिढीच्या मोबाइलच्या व्यसनाबद्दल त्याला चिंता वाटते. शेजारच्या म्हातारीलाही तीच चिंता. पलीकडच्या आजोबांनाही. सदतीस म्हातारे एका सुरात चिंता करत होते, आणि तीही अशा घोटीव कन्नडमध्ये, जी आमच्या तालुक्यात मामलेदारसुद्धा बोलत नाही. नावं जुन्या मतदार यादीतून जशीच्या तशी उतरवली होती. त्यात चार माणसं वारलेली निघाली.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, असा कायदा आहे. दुसऱ्या दिवशी एका महिला शिपायाला बरोबर घेऊन मी जनवाड्याच्या बाजूला मुलीच्या गावी गेलो. दोन खोल्यांचं घर. आई अंगणात उडीद पाखडत होती. वडिलांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मुलगी बाहेर आली. बावीस-तेवीसची असेल. त्या घरातली दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच.

मी काही विचारलं नाही. गठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "बाळ, डावा अंगठा बघू."

तिने अंगठा पुढे केला. तिरपी रेघ होती.

"कशानं लागलं?"

"विळा. सोयाबीन काढताना. सातवीत होते."

आणि ती रडायला लागली. आईच्या हातातलं सूप थांबलं. वडील म्हणाले, "साहेब, समाजकल्याणच्या नोकरीचा फॉर्म भरलाय तिनं. पोलिसाचा दाखला लागतो त्याला. केस झाली तर गेलं सगळं." त्यांना माझ्याहून चांगला कायदा ठाऊक होता. खोटा दस्त, मेलेल्या माणसाच्या नावाने अंगठा. मी गुन्हा दाखल केला असता तर मला कुणी बोल लावला नसता, आणि त्या मुलीचं पुढचं सगळं शिक्षण त्या एका कागदाखाली गाडलं गेलं असतं.

"कुणी लिहून दिल्या मुलाखती?" मी विचारलं.

"फोननं. एआयला म्हणलं, आणखी सदतीस म्हाताऱ्यांच्या मुलाखती पाहिजेत. पाच मिनिटांत दिल्या. अंगठे माझेच, आलटून पालटून सगळी बोटं लावली."

"कामून? पाय मोडले होते का गावात फिरायला?"

तेव्हा तिने डोळे पुसले आणि जरा मान वर केली. "फिरले होते, सर. पहिल्या तीन खऱ्या आहेत. दोन दिवस बसून घेतल्या. ती माणसं मराठी बोलली, मी माझ्या कच्च्या कन्नडमध्ये लिहिलं. सरांनी परत दिल्या. गावठी आहे म्हणाले, व्यवस्थित लिही म्हणाले. माझ्या मैत्रिणीनं सगळ्या फोनवरून केल्या, त्या नमुना म्हणून भिंतीवर लावल्या. मग म्हणलं, आपणच कामून उन्हात फिरायलोय."

उत्तर नसलं की पोलीस उपदेश करतो. मीही केला. माणसाचं बोलणं कसं असतं, ते तसंच कसं उतरवायचं, आम्ही बघ कसे जबाब घेतो, म्हणून मी बॅगेतून एका जुन्या मारामारीची फाइल काढली आणि चार साक्षीदारांचे जबाब तिच्या हातात दिले.

तिने ते वाचले. नीट, एकामागून एक. मग हळूच म्हणाली, "सर, ह्या चौघांचं पण बोलणं सारखंच आहे."

मी कागद परत घेतले. चारही जबाब 'मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास असून' या अर्थाच्या एकाच कन्नड वाक्यापासून सुरू होत होते. चौघांनी एकच शिवी, त्याच जागी, त्याच शब्दांत ऐकली होती.

"आणि खाली लिहिलंय, 'वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे'," ती म्हणाली. "खरंच वाचून दाखवतात का सर?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. महिला शिपाई घराच्या पत्र्याकडे बघायला लागली. मी पाणी मागितलं.

आता लपवून काय करायचं. आम्ही एक जबाब नीट लिहायचो आणि बाकीच्यांची फक्त नावं बदलायचो. पंच म्हणून ठाण्याशेजारचा हॉटेलवाला आणि पानवाला ठरलेले. कलबुर्गीकडे असताना एका प्रकरणात तीन साक्षीदारांच्या जबाबात घराची दिशा एकसारखी चुकली होती. आरोपीच्या वकिलाने तेवढंच धरलं आणि ज्याने खरंच डोकं फोडलं होतं तो माझ्यादेखत घरी गेला. डोकं फुटलेल्याची बायको कोर्टाच्या पायरीवर बसून होती. तिला ओलांडून मी जीपमध्ये बसलो. ती चूक करायला मला कुठला एआय लागला नव्हता, कार्बन पेपर पुरला.

"तुझ्या त्या तीन खऱ्या मुलाखती दाखव," मी म्हणालो.

तिने वही आणली. कन्नडमध्ये लिहिण्याआधी तिने सगळं मराठीत टिपून घेतलं होतं. अक्षर वेडंवाकडं, कडेला खुणा. एक आजोबा सांगत होते, आमच्या घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि राग आला की उर्दू. एका म्हातारीला सगळ्यात मोठं दुःख काय विचारलं तर ती म्हणाली होती, दात. मी तिथेच बसून तिन्ही वाचल्या. छत्तीस वर्षांत माझ्या हाताखाली इतका चांगला जबाब कुणी लिहिला नव्हता, आणि मी हे तिला तोंडावर सांगितलं. वडील एवढ्या वेळानंतर खाली बसले.

पण फिर्यादी थोरला भाऊ होता. त्याचं समाधान झाल्याशिवाय अर्ज बंद करता येत नव्हता. तिसऱ्या दिवशी मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन मी त्या भावांच्या घरी गेलो. धाकट्यालाही बोलावून घेतलं होतं. तो भिंतीला टेकून, थोरल्याकडे पाठ करून उभा राहिला. मी सगळी हकिकत सांगितली. जमिनीचा काही संबंध नाही, धाकट्याचा दोष नाही, हे दोनदा सांगितलं.

थोरल्याचा पारा उतरला नाही. "माझ्या बापाचा अंगठा म्हंजी काय खेळ हाय? घाला केस. मी माघार घेत न्हाई."

"तुमचा हक्क आहे," मी म्हणालो. खोटं कशाला बोला, मनातून मी घाबरलो होतो. मुलगी खाली बघत होती. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली होती.

एवढा वेळ उंबऱ्यात बसलेली दोघांची आई, पंचाहत्तरीची असेल, ती म्हणाली, "काय लिव्हलंय त्या कागदात? मला तरी वाचून दाखवा. माझ्या मालकाचं हाय ना?"

मुलीने वाचलं, मराठीत करून. योगासनं आली. वृत्तपत्र आलं. 'घरातले सर्व निर्णय मी पत्नीशी विचारविनिमय करून घेतो' हे आलं आणि म्हातारीने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडायला लागली. ती हसत होती.

"बया, बया. जल्मात एकदा इचारलं न्हाई मला. बैल इकला ते बी मला शेजारणीनं सांगितलं." तिने डोळे पुसले. "पोरी, इकडं ये. बस. खोटं लिव्हलीस न्हवं? आता खरं लिही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने वही उघडली.

म्हातारी तास दीड तास बोलली. नवरा कसा होता, कधी चिडायचा, विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी कसा लहान पोरासारखा चिखलात बसला. शेवटच्या आजारपणात धाकटा त्याला उचलायचा आणि थोरला बापाला दिसू नये म्हणून गोठ्यात जाऊन रडायचा, हेही तिने सांगितलं. हे धाकट्याला माहीत नव्हतं. तो भिंतीपासून सुटला आणि कधीतरी खाटेवर थोरल्याशेजारी टेकला. मुलगी मध्ये एक शब्द बोलली नाही. लिहीत राहिली, अडलं की फक्त "मग?" म्हणायची. चौकशीत हा एक शब्द शिकायला मला दहा वर्षं लागली होती.

संपल्यावर तिने वही सरळ धरली आणि म्हणाली, "आजी, आता वाचून दाखवते. चुकलं तर सांगा."

तिने पहिल्यापासून वाचलं. म्हातारी कान देऊन ऐकत होती. एका ठिकाणी तिने हात वर केला.

"थांब. 'मालक कुणाशी बोलायचे न्हाईत' असं लिव्हलीस. तसं न्हाई. माझ्याशी बोलायचा न्हाई. बैलाशी बोलायचा. रोज. मी चुलीपुढं बसून ऐकायची."

मुलीने ते वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. थोरला उठला, परसात गेला, तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "साहेब, अर्ज मागं घेतो. पण ते खोटं पान माझ्यासमोर फाडा." पान पुराव्यात जमा होतं, फाडता येत नव्हतं. ते मी त्याला समजावलं आणि त्यावर आडवी रेघ मारून 'खोटे' असं लिहून त्याची सही घेतली. मुलीकडून लेखी माफी घेतली, दोघा भावांचा जबाब घेतला. त्या दिवशी मी तो जबाब त्यांना शब्द न् शब्द वाचून दाखवला. धाकट्याने दोन दुरुस्त्या सांगितल्या, मी केल्या.

मुलीच्या प्राध्यापकांनाही भेटलो. आधी ते नियम सांगायला लागले. मी गठ्ठा पुढे करून विचारलं, यातल्या किती वाचल्या? त्यांनी गठ्ठा चाळून खाली ठेवला. मग म्हणाले, पाच वर्गांचे प्रकल्प आहेत साहेब, गुणसुद्धा एआयला विचारून देतो. म्हणजे एकाने न विचारता लिहिलं होतं आणि दुसऱ्याने न वाचता पास केलं होतं. माणूस भला होता. त्यांनी मुलीला दोन महिन्यांची मुदत दिली, मुलाखती मराठीत लिहून सोबत कन्नड सारांश जोडायला परवानगी दिली, आणि भिंतीवरचा तो नमुना माझ्यादेखत काढला. तिच्या पोलीस दाखल्यात अडचण येण्यासारखं आमच्या दप्तरी काही राहिलं नाही.

उरलेल्या दोन महिन्यांत मी ठाण्यात एक त्रासदायक म्हातारा झालो. प्रत्येक जबाब वाचून दाखवायचा म्हणजे दाखवायचाच, असा हट्ट धरला. रायटर वैतागला. पण लोक सांगायचे, "असं न्हाई म्हणलो मी साहेब," आणि दर वेळी त्या दुरुस्तीत काहीतरी कामाचं निघायचं. तरुण पोरं कष्ट करत नाहीत, सगळं फोनवर ढकलतात, ही तक्रार मी आता कुठे ऐकली तर मुकाट राहतो. कष्टाकडे कुणी बघणार असेल तर पोरं कष्ट करतात. हे मला त्या एका पोरीने शिकवलं, आणि तेही मी तिची चौकशी करायला गेलो असताना.

निवृत्त होऊन आठवडा झाला असेल. ती घरी आली. एकोणचाळीस मुलाखती झाल्या होत्या, चाळिसावी बाकी होती. "साठ पूर्ण झालेले चालतात, सर," ती म्हणाली. माझ्या बायकोला फार हसू आलं. मी ऐटीत बसलो आणि बोललो. बालपण, भरती, बदल्या, पहिला पंचनामा, सगळं. तिने मधे मधे "मग?" एवढंच विचारलं.

शेवटी तिने वही सरळ धरली आणि वाचायला लागली. मी डोळे मिटून मान डोलावत होतो. एका वाक्याशी तिचा आवाज जरा संथ झाला: "'छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी खोटा जबाब लिहिला नाही.'"

मी डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत नव्हती. पेन वाक्यावर धरून ती थांबली होती, जशी त्या म्हातारीपुढे थांबली होती.

"ते वाक्य खोड," मी म्हणालो. "आणि कलबुर्गीचं लिहून घे. सांगतो."

तिने रेघ मारली आणि पान उलटलं.